आधी एक मेंढी

"बूट बाहेर!"

दारातला तरुण एका पायावरच थांबला. खांद्याला बॅग, हातात फ्लॉप्यांचा डबा, दुसरा पाय हवेत... सारजाला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. इंदापुरातल्या या कॉम्प्युटर क्लासचे मालक आबाजी यांची पक्की समजूत होती, की व्हायरस धुळीतून आत येतो. म्हणून बूट-चपला बाहेर.

"व्हायरस पायानं चालत येतो होय?" लेस सोडता सोडता त्यानं विचारलं.

"आबाजींना विचारा. मी हितं नुसतं शिकवते."

"आणि मी बारामतीच्या दुकानातून आलोय. शंभूराज."

त्याच्या एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. तिनं पाहिलं, तिनं पाहिलेलं त्यानंही पाहिलं, आणि दोघं एकदमच दुसरीकडे बघू लागली.

ऑक्टोबर १९९९ मधला पहिलाच शुक्रवार होता. दोन हजार साल उजाडलं की यंत्रं तारीख विसरणार, असं पेपरात रोज छापून येई आणि आबाजींचा जीव टांगणीला लागे. म्हणून शंभूराजला बोलावलं होतं. सहाही कॉम्प्युटरवरची विंडोज पंच्याण्णव पुसायची, अठ्ठ्याण्णव टाकायची, वर सुरक्षेच्या दुरुस्त्या चढवायच्या.

"सहाचे सहा आज उरकतो," तो बाह्या सारत म्हणाला. "संध्याकाळच्या गाडीनं परत."

"आज एकच करायचा."

"का हो, मॅडम?"

सारजा जवळच्या कळस गावची. तिच्या घरी मेंढरं होती तोवर वडील, तात्याबा, दर वर्षी वाडा, म्हणजे कळप आणि बिऱ्हाड, घेऊन चाऱ्यासाठी बाहेर पडत. "वाटंत नदी लागली," ती सांगू लागली, "तर तात्या सगळा कळप कधी पाण्यात घालायचे न्हाईत. आधी एक जाणती मेंढी सोडायची. ती पल्याड चढली, अंग झाडलं, चरायला लागली... मग बाकीची. तवर कितीबी घाई असू द्या, कळप काठावं."

शंभूराज हसणार होता. पण तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि हसायचं राहूनच गेलं.

"मेंढीला तेवढं कळतं?"

"माणसापरीस जास्त. बसा, एक नंबर घ्या. आणि झाल्यावर ही फ्लॉपी उघडून दाखवा. उघडली, तर दुसरा."

त्या फ्लॉपीत तिच्या वडिलांच्या ओव्या होत्या. दोनशे बारा. नदी ओलांडायच्या, लोकर कातरायच्या, कोकरू चुकल्यावर गायच्या. दोन वर्षं ती त्यांच्यापुढं वही घेऊन बसली होती, नि क्लास सुटल्यावर चार नंबरवर एकेक ओळ टंकली होती. वही भिजून गेली. चैत्रात तात्याबांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाजही गेला. आता त्या ओव्या होत्या त्या एवढ्याच.

दुपार सरली. एक नंबरचा पडदा निळा झाला, काळा झाला, मग कोवळ्या उन्हासारखा उजळला. शंभूराजनं ऐटीत फ्लॉपी सरकवली. ओव्यांची फाइल उघडली आणि... पडद्यावर उलटीसुलटी चिन्हं, कंस, टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं. मराठीचा एक काना नाही.

सारजाचे डोळे भरून आले. "तात्या..." एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"थांबा... रडू नका. ओव्या हायेत." त्याची शहरी भाषा घाबरल्यावर पार गळून पडली. "शब्द तितंच हायेत. त्यांना चेहरा देणारा फॉन्ट गेला, जुन्याबरोबर मीच पुसला. त्याची मूळ फ्लॉपी?"

"तिला बुरशी आली. कवाच टाकली. देणारा माणूसबी गाव सोडून गेला."

"मग फॉन्ट आता कुठं..." तो बोलायचा थांबला. हळूच मान वळवून त्यानं बाकीच्या पाचांकडे पाहिलं. पाचही अजून जुनेच होते. काठावरच उभे होते.

दोन नंबरवरून त्यानं फॉन्ट उचलला नि एक नंबरवर आणून बसवला. दोघं पडद्याशी वाकली. एक क्षण काहीच नाही... आणि मग त्या चिन्हांच्या गर्दीतून, सगळ्या ओळींत एकदम, मराठी अक्षरं उमटली —

*पाण्याला पुसून पाऊल टाक गं मेंढरे,*
*काठावं उभा हाय तुझा धनी...*

तिला खोलीतच तात्याबांचा आवाज ऐकू आला. भरदार, मोकळा, चैत्राच्या आधीचा. एवढीशी पेटी, आणि तिच्यात अख्खा माणूस राहतो?

शंभूराज म्हणाला, "सहाही आज केले असते ना, तर ह्या ओव्या मला काय, कुणालाच वाचता आल्या नसत्या." मग अगदी हळू, "इतकी वर्षं मशीन शिकतोय मी... हे कुणी शिकवलंच न्हाय."

"मेंढ्या कुठं होत्या तुमच्याकडं?"

आता तो हसला. आणि सारजाला ते हसू इतकं आवडलं, की तिनं उगाचच कीबोर्डवर फडकं मारायला घेतलं.

पुढचं काम एकेक करूनच करायचं ठरलं. दर शुक्रवारी एक. आबाजी कुरकुरले, पण त्यांना कोण विचारतो! शंभूराज यायचा, न सांगता बूट काढायचा, नव्या व्हायरसांची यादी असलेली फ्लॉपी चढवायचा, कॉम्प्युटर नवा करायचा आणि शेवटी ओव्यांची फाइल उघडायचा. एक ओवी तो वाचे, एक ती. तिसऱ्या शुक्रवारी परतीच्या पावसानं त्याला चिंब भिजवलं, तरी फ्लॉप्यांचा डबा शर्टाच्या आत कोरडा होता. पाचव्या शुक्रवारी मोजे कोरे करकरीत होते. तिनं पाहिलं, आणि त्या दिवशी त्याच्या चहात साखर जास्त पडली.

सहाव्या शुक्रवारी सहावाही झाला.

तो दारात बसला. एक बूट घातला, लेस बांधली, परत सोडली. "आता... काम संपलं."

"व्हय."

"दुरुस्त्या पुढंबी निघत राहतील म्हणा. मी येईन... बोलावलं तर." त्यानं वर पाहिलं. "सारजा, न बोलावताबी यावंसं वाटतंय. तुझ्यासाठी. मला दुसरं कारण सुचंना."

सारजानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"मी काल तात्यांना सांगितलं."

"काय?"

"म्हणलं, एकजण हाय. सगळं एका दमात उरकणारा होता, पण आडवलं तर थांबला. आणि चुकी झाली तवा म्हणला, मीच पुसला."

"मग? ते... त्यांना तर बोलता..."

"बोलले न्हाईत." सारजा म्हणाली. "उठले, आत गेले, त्यांचं ठेवणीतलं घोंगडं काढलं. झाडलं. आणि आज सकाळी अंगणात अंथरलं. आमच्यात पाव्हणा यायचा असला, की अंथरत्यात."

शंभूराज एक बूट घालून, एक हातात धरून, नुसता बघत राहिला.

"दुसरा घाला की आता," सारजा म्हणाली. "कळसची गाडी पाचला हाय."