आतलं अस्तर

पित्ताशय आतून मखमली असतं, हिरवट आणि मऊ. मुलुंडच्या आमच्या रुग्णालयात मी अशी कितीतरी कात्रीने उघडली. आसपासच्या नर्सिंग होममध्ये शस्त्रक्रिया झाली की काढलेलं पित्ताशय नातेवाईकच आमच्या प्रयोगशाळेत आणून द्यायचे. कुणी जॅमच्या बाटलीत, कुणी लोणच्याच्या बरणीत. फॉर्मॅलिनचा वास मात्र सगळ्यांना सारखाच.

ही चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. पित्ताशयाचे विकार आणि अंगाची खाज यांच्या संबंधावर मी निबंध लिहीत होते. राबणारी मी. विभागप्रमुख डॉ. विद्याधर रेगे यांचं योगदान म्हणजे दुपारी दारात उभं राहून "कुठवर आलं, मृणालिनी?" असं विचारणं.

गणपती झाल्यावर एक दिवस दशरथ नावाचा माणूस बायकोचं, रुक्मिणीचं, पित्ताशय घेऊन आला. पूर्वी गिरणीत होता, आता भांडुपला वॉचमन. चिठ्ठी करेपर्यंत थांबला होता, तेवढ्यात मी ते उघडलं. आत गव्हाळ कातडी होती. तिच्यावर बारीक लव आणि गोंदणाचे तीन हिरवे टिपके.

नंतर सूक्ष्मदर्शकाखालीही कातडीच दिसली, केसांच्या मुळांसकट. गर्भात काही पेशी चुकून भलत्या जागी राहून जातात, हे मी शिकले होते. पण गर्भात कुणी गोंदून घेत नाही.

त्या दिवशी दशरथ जायच्या आत, रुक्मिणीला कुठे गोंदलेलं होतं का, असं मी त्याला विचारलं. तो नाही म्हणाला आणि ट्रेमधल्या टिपक्यांवर वाकला.

"आमच्या थोरल्या वैनीच्या हनुवटीर होते असे तीन," तो म्हणाला. "खाज उठायची तिला सारखी. मग गेलेच ते. हनुवटी गुळगुळीत झाली."

वहिनी कुठे असतात, असं मी विचारलं.

"गावाक धाडली. भाऊ गेला, मग खोली आम्ही आमच्या नावावर करून घेतली."

रिपोर्ट न्यायला तो परत आलाच नाही.

मी रेगेंना काचपट्टी दाखवली. "हे निबंधातून काढून टाक," ते म्हणाले. "लोक वेड्यात काढतील." बाकीचं हस्तलिखित वाचायला म्हणून घरी घेऊन गेले. जानेवारीत परिषदेत त्यांनी तो निबंध वाचला, स्वतःच्या एकट्याच्या नावाने. माझा साधा उल्लेखही नव्हता. नोकरी टिकवायची होती म्हणून टाळ्या मीही वाजवल्या. आजही आठवलं की तोंड कडू होतं.

त्यानंतर माझं डावं मनगट खाजायला लागलं. तिथे भाजल्याचा काजूएवढा डाग होता. लहानपणी दुधाचं पातेलं कलंडलं होतं आणि आई रात्रभर फुंकर घालत बसली होती. आई गेल्यावर तिची म्हणावी अशी माझ्याकडे तेवढीच खूण उरली होती. त्वचारोग विभागातली माझी मैत्रीण क्षमा हिने त्यावर गुलाबी लोशन थापलं आणि पट्टी बांधली. "उद्यापर्यंत सोडू नकोस गं," असं बजावलं.

त्याच दिवशी रेगेंना पोटात कळा आल्या म्हणून घाईने ऑपरेशनला घेतलं. त्यांचं पित्ताशय खाली माझ्याकडे आलं, सोबत त्यांचा निरोप. मृणालिनीलाच द्या, तिचं काम चोख असतं.

मी कात्री चालवली.

आत कातडी होती. मधोमध काजूएवढा डाग.

 मग हातमोजे काढले आणि मनगटाची पट्टी सोडली. पट्टी आतून कोरडी होती. मनगट कोवळं, गुळगुळीत, डाग कधी नव्हताच असं. मला आईची आठवण येऊन रडू फुटलं.

ट्रेमधल्या त्या डागावर क्षमाने लावलेलं गुलाबी लोशन अजून ओलं होतं.