बावीस ओळी

ट्रंक उघडली की डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर व्हायचा आणि ताईच्या घरात थंडी आली असं तेव्हाच ठरायचं. लोकरीचे कपडे उन्हात घालता घालता ती स्वतःलाही जरा झटकून बघायची. यंदा कशी वागले मी? कुठे चुकले? उत्तर दर वर्षी मनासारखंच यायचं. विणकामाचा वर्ग घेणाऱ्या या बाईला नावं ठेवायला तशी जागाही नव्हती. अंथरुणाला खिळलेल्या आईचं तिने नऊ वर्षं केलं होतं आणि ते साऱ्या गल्लीला पाठ होतं.

यंदा धाकट्या भावाचा फोन आला होता. “ताई, माझा तो करडा स्वेटर अर्धाच राहिलाय ना? पूर्ण कर की आता. आई जाऊन चार वर्षं झाली.”

स्वेटर तळाशी होता, सुयांसकट. दर वर्षी ती घडी न मोडताच त्याला ऊन दाखवायची. आई गेली त्या दुपारी तो तिच्या हातात होता. आईच्या उशाशी पितळी घंटी असायची. काही लागलं की ती वाजवायची. “जेवू घालून बसले आणि माझा डोळा लागला. घंटी ऐकूच आली नाही,” ताईने सगळ्यांना सांगितलं होतं. “दमली होतीस गं,” म्हणत धाकट्यानेच तिचे डोळे पुसले होते. सांगून सांगून तिलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

खिडकीशी बसून तिने घडी मोडली. विणकाम थांबवताना त्या ओळीला लाल दोरा बांधायचा, ही तिची सवय. वर्गातल्या बायकांच्याही डोक्यात ती हेच भरवायची. शेवटचा दोरा त्या दिवशीचाच होता, आईला भरवायला उठताना बांधलेला. त्याच्या वर काही असायचं कारण नव्हतं. त्याच्या वर बावीस ओळी होत्या.

तिने दोनदा मोजल्या. टाके इतके घट्ट, की सुई शिरेना. रागात असली की तिचा हात असाच पडायचा. आणि झोपलेलं माणूस विणत नाही.

ही मी नव्हेच, असं पुटपुटत तिने सुई ओढली आणि उसवायला घेतलं. पहिली ओळ सुटली, तशी आतल्या खोलीत घंटी वाजली.

भर दुपार होती. आत नुसती रिकामी खाट होती, आणि घंटी तर धाकट्याने आठवण म्हणून आपल्या गावी नेलेली. ताईचा हात थांबला, घंटीही थांबली. दुसरी ओळ सुटली... पुन्हा तीच किणकिण, थरथरत्या हाताची. दाराआडून औषधांचा वास आला.

“आले गं... एवढी ओळ झाली की आले...”

हे ती आत्ता बोलली की तेव्हा, तिचं तिलाच कळेना. सगळं आठवलं. घंटी वाजत होती आणि ती दर वेळी पुढची ओळ घेत होती. नऊ वर्षांतली एक दुपार, फक्त एक, तिला आपली हवी होती. सोशिक ताई लोकांची होती. खरी ताई ही, दात आवळून विणणारी. तिला स्वतःची भीती वाटली, आणि फार कीवही आली.

बाविसावी ओळ सुटली. घंटी एकदाच, अगदी हळू वाजली. मग काहीच नाही. त्या दिवशीही असंच झालं होतं.

तिने तशीच डोळे पुसत धाकट्याला फोन लावला. उद्यावर टाकलं असतं तर पुन्हा धीर झाला नसता.

“अरे... त्या दुपारी मी जागी होते. घंटी ऐकत होते. उठले नाही मी.”

आता हा फोन ठेवणार, कायमचा, असं तिला वाटलं.

“ताई,” तो दबक्या आवाजात म्हणाला, “आईची घंटी इथे माझ्या समोरच्या कपाटात आहे ना...”

“हो रे.”

“मग तुझ्याकडे कोण वाजवतंय? मघापासून वाजतेय. जा ना... बघ तरी.”

फोन कानाशी धरून ताई आतल्या खोलीत गेली. खाटेजवळ उभी राहिली. श्वास रोखून तिने कान दिला.

“अजून वाजतेय?”

“हो... आता तर तुझ्या अगदी जवळ.”

चार वर्षं सांगितलेलं खोटं आता खरं झालं होतं. तिला काहीच ऐकू येत नव्हतं.