बाबांच्या मागाचा दट्ट्या

बेसा भागातल्या त्या आठव्या मजल्यावरच्या घरात दट्ट्या आला तो अगदी साध्या कामासाठी. चेतनने सिंकखाली चक्की बसवून घेतली होती. साली, देठं, उष्टं-खरकटं, सगळं सिंकच्या भोकात लोटायचं, नळ सोडायचा, बटण दाबायचं. घर्र करून दळलं जातं आणि नळीवाटे खाली निघून जातं. बुटीबोरीच्या कारखान्यात दिवसभर यंत्रांत राहूनही याचं पोट भरत नाही, असं त्याची बायको वंदना म्हणायची. त्या भोकात हात घालायचा नाही हा पहिला नियम, म्हणून लोटायला प्लॅस्टिकचा एक दट्ट्या बरोबर आला होता. वंदनाने तो दुसऱ्याच आठवड्यात पेटत्या शेगडीजवळ ठेवला आणि त्याचा लोळागोळा झाला.

मग चेतन रविवारी लकडगंजला कातकाम करणाऱ्या खराद्याकडे गेला, आणि जाताना माळ्यावरचं एक जुनं लाकूड काखेत मारून गेला. घर कोष्ट्यांचं. त्याच्या वडिलांनी, श्रावणजींनी, चाळीस वर्षं हातमाग चालवला होता. माग केव्हाच मोडीत गेला. विणलेलं कापड गुंडाळायचं सागवानी लाकूड तेवढं आईने, मैनाबाईंनी, जपून ठेवलं होतं. खराद्याने त्यातून वीतभर लांबीचा दट्ट्या करून दिला, चकलीच्या सोऱ्याला असतो तसा. खाली गोल दांडा, वर चांगली जाड मूठ.

लाकूड कापलं म्हणून म्हातारी बोलेल असं वंदनाला वाटलं होतं. मैनाबाई उलट खूष झाल्या. "बरं केलं गा," त्या म्हणाल्या, "तुह्या बाबाचा हात लागला सैपाकघराले."

वंदनाला मात्र तो दट्ट्या धरवेना. पहिल्याच दिवशी तिने तो फडक्यात गुंडाळून धरला, आणि पुढेही तसाच धरत राहिली. का, ते तिने कोणाला सांगितलं नाही. आपण मात्र ऐकून घेऊ, कारण त्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

चार वर्षांपूर्वी श्रावणजींना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मैनाबाई लेकीच्या बाळंतपणाला उमरेडला अडकल्या होत्या, चेतन दिवसभर कामावर, घरी वंदना एकटी. ती दुधात भाकरी कुस्करायची, तिच्यात रक्तदाबाची अर्धी गुलाबी गोळी चुरून टाकायची आणि एकेक घास भरवायची. म्हातारा घास तोंडात धरून बसे. गिळायला वेळ लागे. थांब म्हणायचं असलं की डाव्या हाताची दोन बोटं लोखंडी पलंगाच्या दांडीवर वाजवायचा. टक-टक. ही खूण त्या दोघांतलीच होती. तिसऱ्या कोणाला ती ठाऊक नव्हती.

वंदना तेव्हा ब्लाउज शिवायची. त्या दुपारी लग्नघरची गिऱ्हाईक बाई दारात उभी राहून बेलवर बेल मारत होती. घाईघाईत गोळी चुरायची राहिली. वंदनाने ती तशीच घासात दडवली. बाबांनी घास धरून ठेवला आणि बोटं वाजवली. टक-टक. पुन्हा बेल. "गिळा न बाबा, गिळा!" म्हणत तिने चमच्याच्या पाठीने घास आत लोटला. तेवढ्याने झालं. ती ब्लाउज देऊन परत आली तेव्हा म्हाताऱ्याचे डोळे छताला लागले होते. तिने तोंड पुसलं, चादर नीट केली आणि सगळ्यांना सांगितलं, बाबा झोपेत गेले. शेवटपर्यंत सेवा केली म्हणून चारचौघांत तिचं नाव झालं. त्या कौतुकाने ती आतून पोखरली गेली, पण बोलली नाही.

तर यंदाची अक्षय तृतीया. तिकडे पितरांचा हा मोठा दिवस. बाहेर चव्वेचाळीस डिग्री ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही. कूलरची घरघर चालू, पडदे ओढून घरात अंधार केलेला. चेतनला सुटी नव्हती. तो पाया पडून सकाळीच गेला होता. वडे, पोळी, आंब्याचा रस, कढी-भात असं बाबांचं पान वाढून मैनाबाईंनी गॅलरीच्या कठड्यावर ठेवलं आणि दाराशी पाट घेऊन कावळ्याची वाट बघत बसल्या. कावळा शिवल्याशिवाय त्या अन्नाला हात लावणार नव्हत्या.

बारा वाजले, एक वाजला, दोन वाजून गेले. आठव्या मजल्यावर कावळा कुठला यायला? रसावर साय धरली. मैनाबाईंना साखरेचा त्रास. सकाळची गोळी पोटात आणि वर फक्त पाणी. त्यांचे हात कापायला लागले होते, कपाळावर थंड घाम होता.

"आई, दोन घास खाऊन घ्या न," वंदना म्हणाली. "चक्कर येईल."

"शिवल्याबिगर कशी खाऊ वं?"

"इतक्या वर कावळे येतच नाहीत."

"जुन्या घरी तरी कुठं शिवला? तीन वर्षं झाले, गाईले द्या लागते पान. इथं तर गेटाच्या आत गाय बी येऊ देत नाई." मैनाबाईंनी कठड्यावरच्या पानाकडे बघितलं. "त्याईचं काहीतरी राह्यलं असन. तूच होती जवळ. तुले काही बोलले का वं जाताना?"

म्हातारीच्या मनात काही नव्हतं. ती साधेपणाने विचारत होती, आणि म्हणूनच वंदनाच्या काळजात चर्र झालं. आपल्यामुळे सासरा गेला, आता सासूही डोळ्यांदेखत उपाशी जाते की काय, या विचाराने तिचं डोकं चालेना.

"तुम्ही आत कूलरपुढे बसा, मी बघते," ती म्हणाली. मैनाबाईंना धरून तिने आतल्या खुर्चीत बसवलं, त्यांचं ताट वाढून समोर ठेवलं आणि पान उचलून ती गॅलरीच्या दुसऱ्या दाराने स्वयंपाकघरात आली. पान रिकामं करायचं आणि कावळा शिवला म्हणून सांगायचं. म्हातारीचा जीव वाचवायला एक खोटं बोललं तर कोणाचं काय बिघडणार होतं? पितराच्या पानाचं अन्न चक्कीत घालू नये हे तिलाही कळत होतं. पण केराच्या डब्यात ते म्हातारीला दिसलं असतं.

तिने वडे, पोळी, भात सिंकच्या भोकात सारलं, नळ सोडला, बटण दाबलं. घर्र झालं आणि चक्की अडली. अन्न खाली जाईना. तिने फडकं न शोधता दट्ट्या उचलला. लाकूड कोमट होतं.

तिने लोटलं. थोडं आत गेलं आणि परत वर आलं. तिने पुन्हा लोटलं. खालून काहीतरी मऊ, ओलं, हळूहळू उलटा जोर लावत होतं, आणि तो जोर तिच्या ओळखीचा होता. नळाच्या पाण्याला वास येऊ लागला. नासलेलं दूध, आजाऱ्याच्या अंगाची पावडर, बंद खोली... तिने बटण बंद केलं. कूलरची घरघर सोडली तर घरात आवाज नव्हता.

दट्ट्याच्या लाकडातून तिच्या तळहाताला कळलं. टक-टक.

ती गारठली. हात काढून घ्यावा, पान उचलून गॅलरीत ठेवावं, म्हातारीपुढे बसून सगळं सांगून टाकावं. एवढं सगळं त्या क्षणी तिच्या मनात आलं, हे खरं.

"शिवला का वं?" आतून मैनाबाईंचा बारीक आवाज आला.

"हो आई... शिवला. खा तुम्ही."

"शिवला? आले बाप्पा एकदाचे..."

टक-टक, टक-टक. आता म्हातारी उठून इकडे आली तर? वंदनाने दोन्ही हातांनी दट्ट्यावर भार दिला. "गिळा न बाबा," तिच्या तोंडून निघून गेलं, "गिळा!" खाली गळ्यातून घोट उतरावा तसा आवाज झाला. अन्न गेलं. आणि दट्ट्या तिच्या मुठीतून ओढला जाऊन त्याच्यामागे गेला, मुठीसकट. मूठ त्या भोकापेक्षा दोन बोटं रुंद होती.

आत ताट खाली पडल्याचा आवाज झाला.

वंदना धावली. मैनाबाईंचे डोळे पांढरे झाले होते, तोंड उघडं, श्वास नाही. तिने त्यांना वाकवलं, पाठीवर थापट्या मारल्या, देवाचं नाव घेतलं, रडली, पुन्हा मारल्या. शेवटी म्हातारी खोकली आणि घास वंदनाच्या ओंजळीत पडला. मैनाबाईंनी लांब श्वास घेतला. वंदनाने हातात बघितलं. ताटात वडे होते, पोळी होती, रस होता. ओंजळीत दुधात कुस्करलेली भाकरी होती. त्या दिवशी घरात भाकरी केलीच नव्हती.

त्या भाकरीत अर्धी गुलाबी गोळी होती, न विरघळलेली.

गोळी डाव्या मुठीत आवळून तिने चेतनला फोन लावला. "लवकर या... आई..." एवढंच तिला बोलता आलं. साखर पाण्यात कालवून तिने आणली, पण मैनाबाईंनी भांडं हाताने बाजूला केलं. त्या एकाएकी शांत झाल्या होत्या. उजवा हात मांडीवर लुळा पडला होता.

"भरव," त्या म्हणाल्या.

आजवर त्यांनी कधी कोणाच्या हातून घास घेतला नव्हता. वंदनाने भाताचा लहानसा घास केला, रसात बुडवला, तोंडात ठेवला. मैनाबाईंनी तो घेतला आणि धरून ठेवला. त्या चावेनात, गिळेनात. नुसत्या वंदनाकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं वर उठली आणि खुर्चीच्या दांडीवर पडली.

टक-टक.

"नाही लोटत," वंदना कुजबुजली. "या वेळी नाही लोटत. तुम्ही सावकाश..."

ती गुडघ्यांवर बसून राहिली. घास आत लोटावा तर तेच होणार. थांबावं तर म्हातारीची नाडी हाताखाली बारीक होत चाललेली, घाम वाढत चाललेला. बाई करणार काय? पडद्याच्या कडेची उन्हाची रेघ फरशीवर सरकत भिंतीपर्यंत गेली. ओठांच्या कोपऱ्यातून रसाचा एक ओघळ आला तेवढाच. घास होता तिथेच होता.

तासाभराने चेतन घामाघूम होऊन आत आला. "काय झालं वं आईले? काहून बसून राहिल्या दोघी अशा? डॉक्टरले फोन केला का?" त्याने आईच्या कपाळाला हात लावला. तिने मान वळवली नाही. मग त्याची नजर वंदनाच्या घट्ट मिटलेल्या मुठीकडे गेली. त्याने बोटं सोडवली आणि तळहातावरची गोळी उचलून उजेडाकडे धरली.

"ही बाबाची गोळी होय न? मीच तोडून ठेवत होतो डबीत." त्याचा आवाज बदलला. "तुले कुठं भेटली, वंदना?"

मैनाबाई बघत होत्या. तोंडात घास तसाच होता. वंदनाला स्वच्छ कळलं की आपण बोललो की तो खाली उतरेल, आणि बोललो नाही तर कधीच नाही. चार वर्षांत पहिल्यांदा तिला मनापासून सांगून टाकायचं होतं. तिने तोंड उघडलं.

शब्द आले नाहीत. गळ्यात काहीतरी मऊ, ओलं, कोमट येऊन बसलं होतं. ते खाली जाईना, वर येईना. श्वास कोंडला. स्वयंपाकघरात बंद चक्कीतून घर्र झालं आणि थांबलं. वंदनाने चेतनकडे जिवाच्या आकांताने बघितलं आणि तिच्या डाव्या हाताची दोन बोटं आपोआप वर उठून खुर्चीच्या दांडीवर, मैनाबाईंच्या बोटांशेजारी, वाजायला लागली.

"काय म्हणून राहिली वं? बोल न!" चेतन तिला हलवत होता.

त्या खुणेचा अर्थ त्याला कधी कोणी सांगितलाच नव्हता.