साखळीने बांधलेली वही

ही हकिकत कुणाला खरी वाटणार नाही. वाटली नाही तरी तक्रार नाही. कारण जिने एका बाईचा जीव वाचवला, ती एक थाप होती. आणि ती मारणारा माणूस पंचक्रोशीत नावाजलेला थापाड्या होता.

त्यांना सगळे काका म्हणत. धंदा खाजगी तपासाचा. आपण एकदा चोराला त्याच्या शिंकेवरून तीन मैलांवर हुडकलं, असं ते शपथेवर सांगत. त्यांच्यासोबत असत गणिताचे एक निवृत्त मास्तर. डोकं सावकाश चालायचं, पण थाप कानावर पडली की वर्गातल्यासारखं "खोटं!" असं ओरडायची त्यांना खोड होती.

"मास्तरांच्या हातून जी सुटते, ती थाप जगात कुठेही खपते," असं काका म्हणत. अजून एकही सुटली नव्हती.

त्या सकाळी टोळीविरोधी पथकाच्या प्रमुख बाई स्वतः दारात आल्या. डोळ्याला डोळा लागलेला दिसत नव्हता.

"काका, माझ्याच खात्यावर माझा भरवसा उरला नाही. उद्या अकराला माझी साक्षीदार कोर्टात उभी राहायची आहे. तोवर ती जिवंत असेल का, ते सांगता येत नाही."

साक्षीदार म्हणजे एक शिंपीण. टोळीच्या माणसांना ती चोरकप्प्यांच्या बंड्या शिवून देई. कुणाच्या छातीचं माप काय आणि कुणाच्या कप्प्यात काय मावतं, सगळं तिला तोंडपाठ. तिला लपवलेलं पहिलं घर टोळीला चौथ्या दिवशी सापडलं. ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती, म्हणून वाचली. दुसरं घर काल सापडलं. पहारेकऱ्याने दार अडवून धरलं, ती मागच्या खिडकीतून निसटली. तो मात्र दारातच गेला.

"पहिल्या वेळी ड्रायव्हरवर संशय आला," बाई म्हणाल्या. "म्हणून पद्धतच बदलली. प्रत्येकाला एकच तुकडा माहीत. ड्रायव्हर तिला चौकापर्यंत नेतो, पुढे मी पायी नेते. भांडारपालाला पत्ता माहीत, कारण सामान तो पाठवतो. पण कुणासाठी ते माहीत नाही. डॉक्टरांना आजार माहीत, घर नाही. ते तिला आमच्या कार्यालयातच तपासतात."

"आणि तरी तुकडे जुळले."

"जुळले. आज संध्याकाळी तिला तिसऱ्या घरी न्यायचंय."

दुसऱ्या घराची उंबऱ्याजवळची फरशी धुऊन काढली होती. तरीही मास्तरांनी ती ओलांडूनच पाऊल टाकलं. खोलीत कॉट, टेबल, आणि कोपऱ्यात कोरा फ्रिज. त्याच्या कुशीवर लाल रंगात सरकारी क्रमांक: २१४.

"डॉक्टरांची चिठ्ठी होती," बाई म्हणाल्या. "इन्सुलिन गार ठेवावं लागतं म्हणून. पहिल्या घरीही दिला होता, तो हल्ल्यात फुटला."

काकांनी फ्रिज उघडला. आत पाण्याची एक बाटली. काका घोटभर प्यायले.

"काका, पुरावा पिताय!" मास्तर कळवळले.

"छान गार आहे," काका म्हणाले.

शिंपीण कार्यालयात, प्रमुख बाईंच्या केबिनमध्ये बसली होती. हात रिकामे ठेवायची सवय नसावी. खुर्चीच्या उसवलेल्या खोळीला ती टाके घालत होती. टाका तोडून तिने पितळी डबीतली एक गोळी पाण्याबरोबर घेतली.

"साखरेची का?" काकांनी विचारलं.

"हो. सकाळ-संध्याकाळ एकेक. सहा वर्षं झाली, कधी चुकवली नाही."

"फ्रिज बरा होता का?"

"गार पाणी मिळायचं, तेवढंच. तो पहारेकरी पोर यायचा, ताई एक ग्लास द्या म्हणायचा." तिने सुई खोळीत खोचून ठेवली. "उद्या मी बोलले नाही, तर त्याच्या आईला काय तोंड दाखवू? पण तिसरं घरही सापडलं, तर बोलायला मी उरणार नाही."

ड्रायव्हर वैतागलेलाच होता. "चौकात सोडलं की मागे वळून बघायचं नाही, असा हुकूम. चौकाच्या पुढे रस्ता आहे का समुद्र, मला ठाऊक नाही. मान अवघडली साहेब माझी!"

भांडारपालाच्या खिडकीत एक जाडजूड नोंदवही उघडी पडली होती, साखळीने टेबलाला बांधलेली. सरकारी खुर्चीपासून पंख्यापर्यंत प्रत्येक वस्तूचा क्रमांक, आणि ती कुठे ठेवली त्याचा पत्ता.

"उघडी ठेवता?"

"दिवसभर नोंदी चालू असतात. साखळी आहे ना, चोरीला कशी जाईल?"

"२१४ कुणासाठी गेला?"

"कार्यालयीन वापर, मॅडमची सही. महिन्याला चाळीस वस्तू जातात. कोण कशावर बसतं, मला काय कळणार?"

डॉक्टरांची खोली समोरच होती. दोन्ही दारांमध्ये चार पावलांचं अंतर. माणूस मृदू. टेबलावर एक फोटोची चौकट पालथी पडली होती. मास्तरांनी सवयीने ती सरळ केली; कॉलेजातल्या वयाची मुलगी हसत होती. डॉक्टरांनी ती पुन्हा पालथी घातली.

"पेशंटचा आजार मी बाहेर बोलत नाही. आणि ते घर मी कधी पाहिलेलं नाही."

बाहेर येऊन काका जिन्यावरच बसले.

"बाई, तुम्ही माणसांची तोंडं बंद केलीत, वस्तूंची केली नाहीत. पत्ता त्या वहीतून गेला."

"मग भांडारपाल!" मास्तर म्हणाले.

"त्याला चाळीस पत्ते माहीत. त्यातल्या कुठल्या घरी शिंपीण आहे, हे त्याला कोण सांगणार? ड्रायव्हरने वही वाचली असती, तरी त्याचीही तीच गत. फ्रिज कुणासाठी चाललाय, हे बाईंशिवाय एकालाच माहीत होतं. ज्याने तो मागवला, त्याला. दोन्ही घरी फ्रिज पोचला, आणि दोन्ही घरी पाठोपाठ मारेकरी पोचले. आणि शिंपीण सहा वर्षं गोळ्यांवर आहे. इन्सुलिन नाहीच, मग फ्रिज कशाला? वहीत एक खूण पडावी, आणि समोरच्या दारातून येऊन तिच्यापुढचा पत्ता वाचता यावा म्हणून."

बाई खाली बसल्या. "आणि मी सही केली."

"तुमच्या सहीला दोष नाही. त्या पोरीच्या फोटोवरून वाटतं, डॉक्टरांचाही गळा कुणीतरी धरलाय."

"पण सिद्ध कसं करायचं? तो म्हणेल, पुढच्या आठवड्यात इन्सुलिन सुरू करणार होतो. त्याला तीन प्रश्न विचारेपर्यंत टोळी सावध होईल."

काका उठले. "मग मला माझं काम करू द्या. मास्तर, आज तोंडाला कुलूप."

चार वाजता ड्रायव्हर, भांडारपाल आणि डॉक्टर, तिघांनाही केबिनमध्ये बोलावलं. शिंपीण शेजारच्या खोलीत, दाराआड.

काका धापा टाकत आत आले. "डॉक्टर, बरं झालं भेटलात. शिंपीणबाईंना मघाशीच नव्या घरी पोचवलं, आणि तिथे त्यांना दरदरून घाम फुटला. हातपाय कापायला लागले. मी म्हटलं, साखर चढली! तुमच्या चिठ्ठीत इन्सुलिन होतंच. कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलं आणि चांगलं चाळीस युनिट स्वतःच्या हाताने टोचलं. मी पूर्वी लष्करात घोड्यांना सुया द्यायचो ना..."

मास्तरांचं तोंड उघडलं. लष्कर! घोडे! आयुष्यभराची सवय घशाशी आली होती. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरलं.

"आता झोपल्यात," काका म्हणाले. "हाका मारल्या तरी ओ देत नाहीत. शांत झोप लागली बिचाऱ्यांना."

डॉक्टरांची खुर्ची मागे कोसळली.

"झोप नाही ती! साखर द्या तिला, आत्ताच्या आत्ता! मरेल ती!" ते दाराकडे धावले, आणि वाट अडवून उभ्या असलेल्या बाईंवर ओरडले, "सरका! ती चिठ्ठी खोटी आहे! तिला इन्सुलिन कधी लागलंच नव्हतं!"

दाराआडून शिंपीण पुढे आली. हातात पितळी डबी होती.

मास्तरांनी तोंडावरचे हात हळूच खाली घेतले. पकडायला आता एकही थाप उरली नव्हती.