कावेरीबाईंची छटारेषा

मिरजेच्या दृष्टिरोपण प्रयोगशाळेत त्या सकाळी अच्युतबुवा टेंबे टाळ्या वाजवत बसले होते. डोळ्यांवर पट्टी, तोंडात नामाचा गजर; रक्तदाब बघायला आलेल्या परिचारिकेलाही त्यांनी ताल धरायला लावलं होतं. अकराव्या वर्षी सुरुंगाच्या दारूने बुवांचे डोळे गेले. पुढची पन्नास-बावन्न वर्षं कीर्तनात गेली. आता मेंदूच्या मागच्या भागात नखाएवढी दृष्टिपट्टी बसवली होती. उद्या ती चालू व्हायची होती.

शेजारच्या खोलीत शलाका पोतनीस पडद्यासमोर बसली होती. ती डॉक्टर नव्हती, काळे-पांढरे फोटो संस्कारित करणारी होती. पट्टीला रंग कळत नसत, फक्त सोळा छटा कळत. सगळं जग त्या सोळांत बसवायचं. कुठल्या उजेडाला कुठली छटा द्यायची, हे ठरवणाऱ्या वळणाला प्रयोगशाळेत छटारेषा म्हणत. यंत्राने काढलेल्या रेषेतून रुग्णांना जग दिसे, पण निर्जीव दिसे. म्हणून ज्यांच्या हाताला वळण आहे अशी माणसं घेतली होती.

शलाकाचं वळण सगळ्यांना माहीत होतं. काळ्याला काळं राहू द्यायचं, आणि त्या काळ्यातच चेहरा शोधायचा. तिच्या वडिलांचा सांगलीत स्टुडिओ होता. स्थळांना पाठवायचे मुलींचे फोटो ते उजळ करून देत. शलाकाचाही केला होता. फोटो पाहून मंडळी आली, चहा घेतला, आणि मुलीऐवजी फोटोकडेच बघत उठून गेली. त्या दिवसापासून तिने कुणाचा चेहरा उजळला नव्हता.

दुपारी बुवांच्या पत्नी कावेरीबाई काठी टेकत तिच्याकडे आल्या. पोटाच्या दुखण्याने पार वाळल्या होत्या. डॉक्टरांनी महिनाभराची मुदत दिली होती, म्हणून तर बुवांचा नंबर आधी लावला होता. सावळ्या नव्हेत, चांगल्या काळ्या. हसल्या की सगळा चेहरा हसे.

“तूच ना गं यांचे डोळे रंगवणारी?”

“रंग नाहीत हो काकू, काळं-पांढरंच.”

“मग मला त्यातली पांढरी कर.”

शलाका हसली. काकू हसल्या नाहीत.

“लग्नाच्या चौथ्या दिवशी यांनी विचारलं, तू दिसतेस कशी? मी म्हटलं, गोरी, केतकीसारखी. थट्टा केली गं! पण हे इतके खूश झाले की गावभर सांगत सुटले. मग कुठल्या तोंडाने परत घेऊ? अडतीस वर्षं झाली.”

“बुवांना वर्णाचं काय पडलंय, काकू?”

“त्यांना नसेल. मला खोटी ठरून जायचं नाहीये.” त्यांनी शलाकाचा हात धरला. “एक महिना निभव, बाळ.”

प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. निनाद हुद्दारांनी हे ऐकलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“शलाका, रेषा खालून उचललीस तर एकट्या बाई उजळणार नाहीत. जेवढं काळं आहे तेवढं सगळं उजळेल.”

“माहीत आहे. वर उजेडात तपशील जाईल, तेही माहीत आहे.”

“आणि बावीस दिवसांनी मेंदू तीच रेषा खरी धरून बसतो. मग आपण बदलली तर रोजची माणसंसुद्धा परकी वाटतात. पहिल्या तीन रुग्णांचं काय झालं आठवतंय ना?”

“आठवतंय, सर.”

“तुझं वळण सोडून करणार आहेस हे?”

 छटा जुळवण्यासाठी काढलेला कावेरीबाईंचा फोटो तिने पडद्यावर घेतला आणि रेषेचं खालचं टोक वर उचललं. काकू उजळ होत गेल्या. वडिलांचं काम तिला इतकं सहज जमेल असं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांवरची पट्टी सुटली आणि दृष्टिपट्टी चालू झाली. बुवा बराच वेळ नुसते बघत राहिले. मग म्हणाले, “अगं, काय उजळ आहेस तू!” कावेरीबाईंनी पदर तोंडाला लावला. पदराआड त्या रडत होत्या की हसत होत्या, शलाकाला कळलं नाही.

सव्विसाव्या दिवशी त्या गेल्या.

दिवसकार्य आटोपल्यावर शलाका तपासणीसाठी बुवांच्या गावी गेली. बुवा केशवराजाच्या देवळात, सभामंडपात बसले होते. वीणा भिंतीला टेकवलेली होती.

“ये, पोरी. एक विचारू? आमचा केशवराज कसा आहे गं, वर्णाने?”

तिने गाभाऱ्याकडे पाहिलं. मूर्ती काळ्या पाषाणाची होती, काजळासारखी. 

“अकरा वर्षं रोज पाहिलाय मी त्याला,” बुवा म्हणाले. “डोळे मिटले की दिसतो. आणि तुमची पट्टी लावून तिसऱ्या दिवशी घरी आलो, आधी दर्शनाला आलो, तर देव गोरा! मग काय ते उमगलं. रुक्मिणीच्या आख्यानात मी म्हणायचो, कशी गोरी, तर आमच्या घरच्यासारखी. सगळा मंडप हसायचा. मला वाटायचं, कौतुकाने हसतात.”

“बुवा, तेव्हा बावीस दिवस झाले नव्हते. एक फोन केला असतात तर मी रेषा बदलली असती.”

“तिला कळलं असतं ना गं. रोज सकाळी म्हणायचो, आज आणखी उजळ दिसतेस. खुलायची.” त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. “गोरी होऊन गेली ती. फक्त मी तिला पाहिलं नाही.”

घरी परतल्यावर शलाका त्याच फोटोपाशी बसली. बुवांची दृष्टी जेवढं उजळते, तेवढं तिने आधीच काळं करायला घेतलं. रेषा उलटी लावली, मग आपल्या हाताने, आपल्या वळणाने, कपाळाच्या आठ्यांपासून हनुवटीपर्यंत एकेक छटा बसवली. चार दिवस लागले. छापून आल्यावर हुद्दारांनी कागद खिडकीशी नेऊन फिरवून पाहिला.

“हा तर काळा कागद आहे.”

“आपल्याला.”

देवळाच्या सभामंडपात बुवांनी तो कागद दोन्ही हातांनी धरला. आजवर कुठल्याही माणसाकडे त्यांना इतकं निरखून पाहावं लागलं नसेल, तसं पाहिलं. 

“छान आहेत,” ते आदराने म्हणाले. “कोण गं या बाई?”

“बुवा…” शलाका म्हणाली. “कावेरीकाकू.”

 बुवांनी डोळे मिटले आणि कागदावरून बोटं फिरवली, कपाळ, नाक, गाल असतील तिथून. कागद सपाट होता. मग त्यांनी डोळे उघडले आणि सतरंजीवर थोडं सरकून जागा केली.

“बस तू,” ते कागदाकडे बघत म्हणाले. “ओळख व्हायला वेळ लागेल.”