कंपगाळणी

"नाना, हलू नका! तुम्ही नुसते टेकलात तरी सूर चढतोय," केतकी वैतागून म्हणाली.

टेबलावर प्लायवूडचं खोकं होतं आणि त्यातून तांब्याची उभी सळई निघाली होती. तिला न शिवता हात जवळ नेला की सूर चढे, लांब नेला की उतरे. हात आणि सळई यांच्यामध्ये विजेचा अगदी सूक्ष्म साठा होतो, तो अंतराबरोबर बदलतो आणि सूर त्याच्यामागे धावतो. हे थेरमिन नावाचं वाद्य केतकीने घरीच जुळवलं होतं. बाजूने कुणी गेलं तरी त्याचं बिनसायचं.

नानांनी मिरजेत जन्मभर तंबोऱ्यांच्या जवाऱ्या काढल्या होत्या. तार गुंजेल इतक्या हलक्या हाताने तारांखालची घोडी घासायची, हे त्यांचं काम. पुढे हात थरथरू लागले आणि कानस लेकीकडे, केतकीकडे आली. आता एक तार छेडायला जावं तर शेजारची वाजे, म्हणून नानांनी तंबोऱ्याला हात लावणंच सोडलं होतं. निदान हवेत तरी त्यांना वाजवता यावं, यासाठी केतकीचा हा सगळा खटाटोप.

तिने खोक्यात कंपगाळणी बसवली. हाताची थरथर ओळखून सुरातून वजा करणारी, वापरातून शिकत जाणारी ही चिप होती. नानांनी दरबारी रागाचा कोमल गंधार लावला. सूर सरळसोट निघाला.

"ही काय गिरणीची शिट्टी आहे? गंधार झुलायला नको?"

थरथरीबरोबर त्यांनी मुद्दाम दिलेला झोकाही गाळणीने पुसला होता. "तिला फरक कळत नाही अजून," केतकी म्हणाली. "थांबा, निरोगी हात कसा झुलतो ते दाखवते."

तिने हात उचलला. गंधार संथ झुलला. पण खोक्याला जोडलेल्या पडद्यावर वजा झालेल्या थरथरीची रेघ सपाट यायला हवी होती, तिला बारीक दाते होते. केतकीने पंखा बंद केला. दाते तसेच. तिने हात मागे घेतला, रेघ सपाट झाली. पुन्हा पुढे नेला, पुन्हा दाते.

हा कंप कधी कधी पुढच्या पिढीत उतरतो, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हा तिने ते कानाआड केलं होतं. आता तिने बाकाकडे पाहिलं. तिथे तिनेच अर्धी घासलेली घोडी पडली होती.

"बघू, मला दे," म्हणत नाना पुढे सरसावले. गाळणी झोका शिकली होती; या वेळी त्यांचा गंधार झुलला. त्यांचे डोळे भरून आले.

"जिंकलीस पोरी! हात माझ्यावर नाही गेला तुझा, नशीब. आता असं कर, ती गाळणी बंद कर आणि तू वाजव. खणखणीत हात कसा वाजतो, ऐकू दे जरा."

त्यांनी डोळे मिटले. जवारीतला केसाएवढा फरक ओळखणारे त्यांचे कान अजून शाबूत होते. केतकी गाळणीच्या बटणावर बोट ठेवून उभी राहिली.

"अगं, थांबलीस का?"