न ऐकलेल्या मैफलीतली दाद

शुक्रवारची नमाज आटोपली की सय्यदा झैनबच्या मशिदीमागच्या गल्लीतल्या कहवाखान्यात तीन म्हातारे टेपरेकॉर्डर मांडून बसत. गायिका विसालला जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती, पण या तिघांच्या लेखी ती अजून गातच होती. मैफलींच्या जुन्या टेपा लावायच्या आणि गाण्याइतकेच मागच्या गलक्याकडे कान द्यायचे, हा त्यांचा उद्योग. कैरोच्या रसिकाला गप्प बसून दाद देणं जमतच नाही. ओळ भिडली की तो ओरडतो आणि गाणारीला ती ओळ पुन्हा घ्यावी लागते. त्यामुळे टेपेतल्या गर्दीतून आपली आरोळी शोधून काढणं यासारखी दुसरी मिरवायची गोष्ट नव्हती.

"हा बघा मी!" बहगत शिंपी मांडीवर थाप मारी. पहिल्या मैफलीला तो वडिलांचा कोट चोरून घालून गेला होता, आणि पुढच्याच रांगेत वडील बसलेले. "कोटासकट धुतला मला!"

औषधवाल्या लमईची सगळ्यात लाडकी मैफल दिवे गेले तेव्हाची. "अंधारात ती माझ्याच छातीत बसून गात होती रे," असं म्हणताना त्याचे डोळे दर वेळी भरून येत.

रिफअत मास्तर मात्र हुकलेली मैफल सांगत. विसालची शेवटची. "लेक सुहैर जन्मली तेव्हा मी मैफलीत होतो. सासरे गेले तेव्हाही मैफलीतच. पण इनशिराह गेली त्या रात्री तिकीट तसंच खिशात ठेवून तिच्या उशाशी बसलो." नवरा म्हणून त्यांच्या पदरी एवढं एकच पुण्य होतं, आणि त्याच्याच आधारावर त्यांचं म्हातारपण कसंबसं उभं होतं.

एका शुक्रवारी लमईने कुठल्याशा वादकाच्या घरून त्याच मैफलीची टेप आणली. आधी खरखर, मग सारंगीसारखं काही लांबवर, आणि मग विसाल. तिने विरहाची ओळ उचलली, क्षणभर थांबली, आणि गर्दीतून एक कोरडा खोकला आला.

"बाई, जीव घेशील एखाद्याचा!"

बहगतचा पेला ओठाशीच थांबला. ही आरोळी साऱ्या कैरोत एकाच माणसाची होती, आधीच्या खोकल्यासकट.

"कोणीतरी नक्कल केली असेल," मास्तर म्हणाले.

"असेल," बहगत म्हणाला. "तुझी खुर्ची तर रिकामीच होती. मी तिच्यावर माझी टोपी ठेवली होती."

टेप मागे नेऊन पुन्हा लावली. या वेळी आरोळी दोनदा आली. यंत्र जुनं झालंय, असं लमई पुटपुटला आणि त्याने ते बंद केलं. मास्तरांना त्या दिवशी चहा कडू लागला.

पुढच्या शुक्रवारी तेच निघालं, तेव्हा बहगत हसला. "नक्कल कसली मास्तर? शेजारीच तर होतास. रडून रडून माझी बाही भिजवलीस की!"

"अरे, तूच म्हणालास ना, खुर्ची रिकामी होती?"

"मी? कधी?"

मास्तरांनी आशेने लमईकडे पाहिलं. लमई मान खाली घालून म्हणाला, "जाऊ दे रे. झालं ते झालं. आम्ही कुठे तुला बोल लावतोय?"

त्याच्या आवाजातली कीव ऐकून मास्तर घाबरले. ते उठले आणि ऊन डोक्यावर घेत थेट शुब्राला, मुलीच्या घरी गेले.

सुहैर मुलूखियाच्या भाजीची पानं निवडत होती. दारातूनच त्यांनी विचारलं, "पोरी, आई गेली तेव्हा मी कुठे होतो?"

तिचे हात थांबले.

"आज का हे काढताय, बाबा?"

"सांग ना. उशाशी होतो की नाही? तिचा हात माझ्या हातात होता."

"हात माझ्या हातात होता." सुहैर रागावली नव्हती, आणि त्याचंच त्यांना जास्त भय वाटलं. "तुम्ही कोट घातलात, येतोच म्हणालात. आई शेवटपर्यंत दाराकडे बघत होती. मी तुम्हाला कधीच माफ केलंय, बाबा. बसा, पाणी आणते."

ती आत गेली.

मास्तरांनी डोळे मिटले. खोली आठवून पाहिली. खाट आठवेना. चादरीचा रंग आठवेना. इनशिराहचा चेहरा पुढे आणला, तर त्याच्यावर मंचावरचा उजेड पडला.

निदान तो हात. गार, हलका, बोटं किंचित वळलेली. तेवढं तरी कोणी काढून घेऊ नये म्हणून त्यांनी स्वतःचे दोन्ही हात उघडून पाहिले.

तळवे लालबुंद झाले होते. खूप वेळ टाळ्या पिटल्यावर होतात तसे चुरचुरत होते.